लिटरात बोलणारे नाना

आमच्या मेहरूणमधले नाना जगातली प्रत्येक गोष्ट डिझेलच्या लिटरमध्ये मोजतात. जळगावहून धुळ्याला जायला किती वेळ लागतो, हे त्यांना विचारू नये. "पाच लिटर," एवढंच उत्तर मिळतं. एका लग्नात कोणी पुढारी तासभर बोलला, तेव्हा नाना माझ्या कानाशी लागले, "दोन लिटर फुकी टाकं, गाडी जागावरच शे."

त्यांचा तरी काय दोष? सोनगीरच्या बाजूला विहिरीविहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नवीन काहीही दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज कितलं देस?" हा प्रश्न त्यांनी आमच्या नव्या फ्रिजबद्दल विचारला आणि होणाऱ्या जावयाबद्दलही. फ्रिजचं निदान सांगता आलं.

या भाषेपायी ते एकदा चांगलेच अडकले. डॉक्टरांनी विचारलं, "नाना, तेल किती खाता?" नाना ऐटीत म्हणाले, "दिवसले पाव लिटर." त्यांना म्हणायचं होतं की दिवसभराच्या भाकरी, दाळ, दूध सगळ्यातून अंगाला ताकद मिळते पाव लिटर डिझेलइतकी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि अक्कांना तंबी दिली. अक्का म्हणजे नानांची बायको. त्यांनी महिनाभर नानांना बिनतेलाचं भरीत वाढलं आणि खुलासा ऐकूनच घेतला नाही. खानदेशी माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

नानांच्या गच्चीवर सोलर बसवायचं खूळ माझं. फिटर म्हणाला, रोज बारा युनिट वीज मिळेल. नानांच्या हिशेबी जनरेटर एका लिटरवर तीन युनिट देतो. "म्हंजे रोजनं चार लिटर," ते म्हणाले, "आन धूर नही, आवाज नही." दोन दिवस त्यांनी गल्लीत ज्याला त्याला थांबवून हे सांगितलं.

घोडं अडलं ते दक्षिणेच्या कोपऱ्यावर. दिवसभर ऊन फक्त तिथे. नाना म्हणाले, तिथे काही लावायचं नाही. फिटरने समजावलं, तिथले दोन पॅनल हलवून पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेले तर पाव वीज कमी होईल.

मग मी त्यांच्याच भाषेत उतरलो. "नाना, रोजचं एक लिटर वाया जाईल."

"जाऊ दे."

मी चिडलो. थेंबभर डिझेल सांडलं तर समोरच्याची सालटी काढणारा हा माणूस.

"तठे ती बिबडा वायत घालस," नाना हळू आवाजात म्हणाले.

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, अक्का दर उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यात वाळत घालायच्या आणि अख्ख्या गल्लीला वाटायच्या. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पुन्हा जिना चढता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. मला ते माहीत होतं आणि तरी मी लिटर मोजत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

ते दोन पॅनल सावलीत बसले. तीन लिटरवर नाना खूश आहेत.

परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो तर अक्का जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलेल्या. एवढ्यानेच धाप लागली होती. नाना खालच्या पायरीवर बसून त्यांचा पाय चेपत होते.

"मनी बिबडास्नी जागा त्या सोलरन्या काचास्नी लिधी व्हई," अक्का म्हणाल्या.

"नही. झाडीझुडी ठेयेल शे."

अक्कांनी वर पाहिलं. अजून तेरा पायऱ्या होत्या. "माले नही जमाव आते."

नानांनी पाय चेपणं थांबवलं नाही. "आज चार चढनी ना," ते म्हणाले. "उन्हायाले अजून टाईम शे."