जीआर क्रमांक आठची अंमलबजावणी

सोमवार, दिनांक १२ मार्च २००७ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, वारंगा फाटा येथील ग्रामीण माहिती समन्वय उपकक्षास वरिष्ठ कार्यालयाकडून एक ई-मेल प्राप्त झाला. त्यात विषय नव्हता, संदर्भ नव्हता, 'उपरोक्त विषयास अनुसरून' नव्हतं. इंग्रजी जी, इंग्रजी आर आणि त्यांना चिकटून आठचा आकडा, एवढाच मजकूर. खाली हिंगोलीच्या नव्या जिल्हा समन्वयक साहेबांचं नाव.

उपकक्ष टायरच्या दुकानाच्या माडीवर होता. गावोगावची माहिती गोळा करून वर पाठवायची, हे त्याचं काम. माहिती वर पोचली की तीच नव्या नमुन्यात पुन्हा मागवली जाई. त्यामुळे काम संपण्याची भीती नव्हती. माणसं तीन: कक्षप्रमुख मुंजाजी गडदे, लिपिक सिंधूबाई पोले आणि कंत्राटी संगणक ऑपरेटर निलम राठोड. आदल्या आठवड्यात त्यांनी एकशे बारा गावांतल्या हातपंपांची माहिती मुदतीच्या आत पाठवली होती. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं, म्हणून आता वरून काय येतं याची गडदे साहेबांना धास्ती होती.

ई-मेल निलमनं उघडला. "साहेब, ही शाबासकी आहे," ती म्हणाली. "आठला इंग्रजीत एट म्हणतात. जी, आर, एट. ग्रेट असं वाचायचं."

गडदे साहेब तिच्या कानाशी वाकले आणि खालचा टायरवाला दचकून वर बघेल एवढ्या आवाजात ओरडले, "जीआर हाय तो! शासन निर्णय! नंबर आठ!"

ओरडण्याला कारण होतं, आणि ते कागदावर होतं.

निलम स्वमग्न होती. ती अकरा वर्षांची असताना औरंगाबादच्या एका डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं होतं. बोललेलं तिला अक्षरशः कळे, न बोललेलं कळत नसे, आणि गोंगाट सोसत नसे. पुढं तिचे वडील वसराम राठोड अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तिला एका शिबिरात घेऊन गेले, तेव्हा तिथल्या छापील अर्जात स्वमग्नतेला रकानाच नव्हता. डॉक्टरांनी 'निलिमा' अशी हाक मारली. तिचं नाव निलम होतं, म्हणून तिनं ओ दिली नाही. "कर्णबधिर," डॉक्टर म्हणाले आणि शिक्का मारला. त्या दाखल्यावर तिला ही नोकरी लागली. कर्णबधिर कर्मचारी म्हणून सगळं ऑफिस तिच्याशी ओरडून बोले. ओरडणं सोसत नाही म्हणून ती कानात कापूस घालून बसे. कापसामुळं तिला खरंच कमी ऐकू येई आणि दाखला बरोबर ठरे.

मराठी तिनं पुस्तकातून शिकली होती. तांड्यावर घरी गोरमाटी, शाळेत मराठी. त्यामुळं ती कुठंही बोलली तरी धडा वाचल्यासारखं पूर्ण वाक्य बोले. तिसरी भाषा तिला हिंगोलीला कॉलेजात असताना नेट कॅफेत भेटली. तिथं मैत्रिणी एकमेकींना जे लिहीत ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. एकीनं निरोपाच्या शेवटी 'टेक केअर' या अर्थानं 'टीसी' लिहिलं, तेव्हा निलम कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारून आली, की दाखला काढून कोण चाललंय. दुसरीनं 'बीआरबी' लिहिलं. लगेच येते, असा त्याचा अर्थ कळल्यावर निलम कॅफेत दोन तास बसून राहिली.

मग तिनं दोनशे पानी वही केली. शब्द, त्याचा अर्थ, कुणी लिहिला, लिहिताना चेहरा कसा होता आणि प्रत्यक्षात काय घडलं, असे रकाने आखले. 'बीआरबी: लगेच येते. प्रत्यक्षात: तीन दिवसांनी आली.' 'एलओएल: मोठ्यानं हसतो आहे. प्रत्यक्षात: भाऊ योगेश टाइप करताना तीन वेळा पाहिला. हसला नाही.' वही भरत आली तोवर मैत्रिणींनी निम्मे शब्द टाकून दिले होते. 'ओके'चं 'के' झालं होतं, आणि जुना शब्द वापरणाऱ्याला त्या आता हसत होत्या. निलमनं कुरकुर केली नाही. तिनं आणखी एक रकाना आखला: 'शब्दाची मुदत'. इतरांना ती भाषा वाऱ्यानं लागत होती. तिला ती पाठ करावी लागत होती. त्यामुळं जिल्ह्यात ती भाषा कुणाला नेमकी येत असेल, तर ती निलमला.

पण दाखल्यावर तसं लिहिलेलं नव्हतं.

"पंचवीस वर्सं जीआर वाचून राहिलो मी," गडदे साहेब म्हणाले. "अन् तू मला जीआर म्हंजी काय ते सांगतीस व्हय?"

फायली उपसण्यात आल्या. जीआर सात सापडला, नऊ सापडला. आठ सापडला नाही. सिंधूबाईंनी सुचवलं, की वर फोन करून विचारावं.

"अन् काय म्हनावं? आमाला जीआर घावला न्हाई? उद्या उपकक्षच बंद करतेल."

तेव्हा सर्वांत सुरक्षित मार्ग काढण्यात आला. 'संदर्भीय जीआर क्रमांक ८ मधील निर्देशांनुसार कार्यवाही प्रगतिपथावर आहे,' असं वर कळवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. या वेळी एकच अक्षर होतं. के.

"प्रपत्र क!" गडदे साहेबांचा चेहरा उजळला. "बगा, म्हनलं न्हवतं? जीआर हाय म्हनल्यावर प्रपत्र येनारच."

"साहेब, ते ओके आहे," निलम म्हणाली. "घाईत ओ गळतो. रागावलेली माणसंही असंच लिहितात. साहेब रागावलेत का, ते त्यांनाच विचारावं लागेल."

"वरच्याला इचारायचं!" गडदे साहेबांनी कपाळावर हात मारला. एवढं मोठं लेकरू, पण कशाची जाण म्हणून नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

प्रपत्र क कुणी पाहिलेलं नसल्यानं ते तयार करावं लागलं. सतरा रकाने झाले. एकशे बारा गावांना ते धाडण्यात आलं, आणि हे कशासाठी, असं एकाही गावानं विचारलं नाही. आठ दिवसांत सगळी प्रपत्रं भरून, सह्या-शिक्क्यांनिशी परत आली. ती वर गेली. साहेबांनी एकशे बारा जोडपत्रांचा ढीग पाहिला असावा, कारण त्यांनी तातडीनं तीन अक्षरं लिहिली. एल, ओ, एल.

हा उलगडा सिंधूबाईंनी केला. "लिस्ट ऑफ लाभार्थी," त्या म्हणाल्या. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून अवघड पत्रांचे अर्थ लावले होते.

"साहेब हसलेत," निलम म्हणाली. "निदान तसं लिहिलं तरी आहे."

"वरिष्ठ कार्यालय हसत नसतं!" गडदे साहेब ओरडले.

लाभार्थी म्हटल्यावर बातमी माडीवर राहणं शक्य नव्हतं. जीआर आठमध्ये काय मिळतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ज्याला जे हवं होतं ते त्यात होतं. मेंढपाळांनी ऐकलं की मेंढ्यांना शेड आहे. बायांनी ऐकलं की शिलाई मशीन आहे. फाट्यावर जिपा भरून माणसं उतरू लागली. पार सेनगाव तालुक्यातल्या साखरा आणि पुसेगावहूनही लोक आले, आणि तुमचा तालुका यात नाही, असं कळल्यावर त्यांनी टायरच्या दुकानासमोर ठिय्या दिला. आमालाच दरवेळी काहून वगळता, असा त्यांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. सायंकाळी त्यांचा तालुका यादीत घेण्यात आला.

चौथ्या दिवशी वसराम राठोड स्वतः जिना चढून आले. धुतलेलं धोतर, हातात रेशन कार्ड.

"पोरी, जीआर आठमंदी आपलं नाव हाय का?"

निलमनं कानातला कापूस काढला. वडिलांशी बोलताना ती काढत असे. "बा, असा जीआर नाही. साहेबांनी आम्हाला शाबासकी दिली होती. बाकी सगळं इथं तयार झालं आहे."

वसराम विचारात पडले. लेक खोटं बोलत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण रांगेत तांड्यातला भावसिंग उभा होता, हेही त्यांनी पाहिलं होतं.

"शाबासकी तर शाबासकी," ते म्हणाले. "पर भावसिंगाला भेटून राहिली, अन् आपल्याला काहून न्हाई?"

निलमनं रेशन कार्ड घेतलं. तिनं नाव लिहून घेतलं. तीन हजार चारशे बारावं. खोट्या यादीत आपण आपल्या बापाचं नाव घातलं, हे तिला बसू देईना. तिनं फाइल ओढली आणि सुवाच्य अक्षरात टिप्पणी लिहिली: 'जीआर क्रमांक ८ अस्तित्वात नाही. सदर मजकूर ही शाबासकी असून ती आपणांस देण्यात आली होती. ती घेऊन थांबावे, ही विनंती.' गडदे साहेबांनी तिच्याखाली 'पाहिले' लिहून सही केली आणि यादी वर पाठवली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्हा समन्वयक साहेब स्वतः फाट्यावर येणार असा निरोप आला. गडदे साहेबांनी निलमला बाजूला घेतलं. त्या दिवशी ते ओरडले नाहीत.

"हे बग माय, साहेबानं हाक मारली की पैल्यांदा बगायचंबी न्हाई. दुसऱ्यांदा निस्तं 'आँ?' म्हनायचं. मंग मी वरडतो. तेवढं कर. तुजी नोकरी त्या कागदावर हाय."

"पण मला ऐकू येतं, साहेब."

"मला काय ठावं न्हाई व्हय?" गडदे साहेब म्हणाले आणि दुसरीकडं पाहू लागले.

साहेब पुण्याकडचे, तिशीतले, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. त्यांनी फाइल उलटली आणि ते उभेच राहिले. "अहो, मी नुसतं ग्रेट लिहिलं होतं!" गडदे साहेबांनी सिंधूबाईंकडं पाहिलं, सिंधूबाईंनी पंख्याकडं. साहेब पानं उलटत टिप्पणीपाशी आले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"ही कुणी लिहिली?"

"मी," निलम म्हणाली. पहिल्याच हाकेला, कापूस कानात असताना.

गडदे साहेबांनी डोळे मिटले.

खरं तर प्रकरण तिथं संपायला हरकत नव्हती. पण तीन हजार चारशे बारा नावांची यादी साहेबांनीही न उघडता मुंबईला पुढं ढकलली होती, 'आपल्या माहितीसाठी' याची तीन इंग्रजी अक्षरं टाकून. मुंबईनं ती माहिती म्हणून घेतली होती. जीआर आठच्या अंमलबजावणीत हिंगोली राज्यात पहिली आली होती. दुसरा जिल्हाच नव्हता. अभिनंदनाचं पत्र निघालं होतं. आता जीआर नाही म्हणायचं तर मुंबईनं कशाचं अभिनंदन केलं, असा प्रश्न उभा राहिला असता. त्यापेक्षा जीआर काढणं सोपं होतं. तो मागच्या तारखेनं निघाला. मजकूर काय घालावा हे कुणालाच सुचेना, तेव्हा ज्या एकाच व्यक्तीला अर्थ माहीत होता तिच्याकडून लिहून घेण्यात आला. निलमनं एक ओळ लिहिली: 'लाभार्थ्यास शाबासकी देण्यात यावी.' मुंबईनं तीत काही बदल केला नाही.

त्याच टपालानं दुसरा आदेश आला. 'सदर कंत्राटी कर्मचारी हळू आवाजातील प्रश्नास तत्काळ उत्तर देत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब त्या कर्णबधिर नसल्याने त्यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे.' निलम हिंगोलीला गेली. आपल्याला जे आहे त्याचं नाव वेगळं आहे, आणि ते आजही आहे, असं तिनं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज मागवला, दोन्ही बाजूंनी पाहिला.

"खरंय हो तुमचं. पण याला रकाना नाही."

निलमनं सगळं रूपाला लिहिलं. रूपा अकोल्याची, चॅटवर भेटलेली, तीही तिच्यासारखीच. दोघींनी एकमेकींना फक्त पूर्ण वाक्यं लिहायची असं ठरवलं होतं. रूपाचं उत्तर आलं: 'हे वाचून मला फार राग आला आहे. हे मी गंमत म्हणून लिहिलेले नाही. तू पुढे काय करणार आहेस?' निलमनं ते दोनदा वाचलं. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. मग ती रडली. नंतर टायरवाल्यानं दुकानापुढं एक टेबल टाकू दिलं. तिथं ती अर्ज टाइप करते आणि लोकांना आलेली सरकारी पत्रं समजावून सांगते.

मे महिन्यात फाट्याजवळच्या मोकळ्या रानात मांडव पडला. नावं पुकारली गेली. एकेक लाभार्थी व्यासपीठावर चढला, साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप दिली, फोटो निघाला, तो दुसऱ्या बाजूनं उतरला. वसराम राठोडांना दोन थापा मिळाल्या. ते हरखून निलमच्या टेबलापाशी आले. भावसिंगाला एकच मिळाली होती. फरकाची थाप मिळावी म्हणून तो तिच्याकडूनच अर्ज टाइप करून घेत होता. मांडवात टाळ्या इतक्या वाजत होत्या, की हायवेवरचे ट्रक थांबून पाहत होते.

जीआर क्रमांक आठ आजतागायत रद्द झालेला नाही. उलट त्याची व्याप्ती वाढवून सर्वच नागरिकांना त्यात घेतल्याचं समजतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, फाट्यावर यावं लागत नाही. एखाद्या समारंभात आपलं तोंडभरून कौतुक झालं, हातात काहीच पडलं नाही, आणि तरीही सगळ्यांत आधी आपणच उठून टाळ्या वाजवल्या, असं आपल्याला आठवत असेल, तर आपलं नाव यादीत आहे.