दोनशेवी पुंगळी

बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, नळी माणसाकडे वळवायची नाही आणि हुकूम होईपर्यंत चापाला बोट लावायचं नाही, हे हवालदार किशोर बोरस्तेने झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण त्याचा लाडका नियम चौथा. जितक्या गोळ्या झाडल्या तितक्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक जरी कमी भरली, तरी रेंजवरून मुंगीसुद्धा हलणार नाही.

त्या दिवशी देवळाली कॅम्पजवळच्या रेंजवर कॉलेजच्या चाळीस कॅडेट मुली आल्या होत्या. सकाळीच किशोरने सगळ्यांचे मोबाइल एका टोपल्यात जमा करून घेतले आणि बजावलं, "फायरिंगच्या जागी मोबाइल दिसला, तर मैदानाला पाच फेऱ्या."

स्वतःचा मोबाइल मात्र त्याच्या शर्टाच्या खिशात होता. कारणही तसंच होतं. भगूरच्या नव्या घरात संध्याकाळी पाचला सत्यनारायण होता. लेकीच्या बारशाला हा गृहस्थ सीमेवर, शाळेच्या पहिल्या दिवशी रेंजवर. म्हणून बायकोने, पल्लवीने, निघताना अगदी शांतपणे सांगितलं होतं, "आज पाटावर नसलात, तर तुमच्या जागी सुपारी मांडीन." पल्लवी बोलते तसं करते, हा बारा वर्षांचा अनुभव होता.

तीनला फायरिंग संपलं. दर मुलीला पाच गोळ्या, एकूण दोनशे. पुंगळ्या भरल्या एकशे नव्याण्णव.

किशोरने तीनदा मोजल्या. चौथ्यांदा सुभेदार सहादू पगारांनी मोजल्या आणि ते खुर्ची टाकून बसले. मग मुलींनी गवत विंचरलं, वाळूची पोती हलवली. किशोरने चाळीस जणींचे बूट झटकायला लावले, खिसे उलटे करायला लावले. पुंगळ्या रायफलीच्या उजव्या बाजूला उडतात आणि निकिता नावाची एक मुलगी सगळ्यात उजवीकडे होती, म्हणून तिला मोजे तीनदा काढावे लागले. चार वाजले.

तेवढ्यात किशोरच्या खिशात मोबाइल थरथरला. समोर सुभेदार, भोवती कॅडेट. बाहेर काढायची सोय नव्हती. आवाज झाकायला तो खोकला. मोबाइल पुन्हा थरथरला, हा पुन्हा खोकला. सहाव्या खोकल्याला निकिताने आपल्याजवळची आलेपाक वडी पुढे केली आणि तिथेच थबकली.

"उस्ताद, तुमच्या खिशात काहीतरी किरकिरतंय."

"बटण ढिलं झालंय," किशोर म्हणाला आणि घाईघाईने गवताकडे वळला.

पण किरकिर त्यानेही ऐकली होती. त्याने खिशात दोन बोटं घातली. मोबाइलच्या शेजारी करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, पितळी असं काहीतरी होतं. सकाळपासून चोरून मेसेज बघताना खिशाचं झाकण उघडंच राहिलं होतं. तो निकिताच्या उजवीकडे वाकला असताना रायफलीतून उडालेल्या पुंगळीने नेमकी तीच जागा धरली होती.

आता ती हळूच गवतात सोडली, की काम झालं. सगळ्यांचे डोळे जमिनीकडे होते. तो वाकलाही. पण समोर निकिता चौथ्यांदा मोजे घालत बसली होती, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो तडक सुभेदारांसमोर गेला, सलाम ठोकला आणि पुंगळी व मोबाइल दोन्ही टेबलावर ठेवले.

सुभेदारांनी दोन्हींकडे पाहिलं. "पोरीकडं मोबाइल घावला असता तर?"

"मैदानाला पाच फेऱ्या, साहेब."

"मग वाट कुणाची बघता?"

किशोर पळाला. चाळीस जणी एका सुरात मोजत होत्या. मोजणीत चूक नको म्हणून तिसरी फेरी त्यांनी दोनदा मोजली.

घामाने निथळत पार्किंगमध्ये आल्यावर त्याने मेसेज उघडले. पहिलाच होता, 'गुरुजींना उशीर. पूजा सातला. सावकाश या.' पुढचे सगळे 'वाचलं का?' एवढेच होते.

सहाला तो घरी पोहोचला. त्याच्या पाटावर सुपारी आधीच बसली होती. दारात पल्लवी ताट घेऊन उभी होती. "पूजेत तुमचा फोन नकोय. मोबाइल जमा करा, खिसे मोकळे करा, मग आत या."

किशोरने मोबाइल ताटात ठेवला आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. नामपूरहून आलेल्या सासूबाई, लंकाबाई, कौतुकाने बघत होत्या.

"जवाई भलता शिस्तना माणूस शे," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

पल्लवीने पाटावरची सुपारी उचलून डब्यात टाकली. झाकण मात्र लावलं नाही.