पटाशीचा आकार ठरेपर्यंत

कोणतंही काम साधनांच्या अभावी अडत नाही. ते साधन निवडण्यापायी अडतं. ज्याच्याकडे एकच हातोडी असते तो खिळा ठोकून मोकळा होतो आणि जन्मभर अडाणी राहतो. ज्याला हातोड्यांचे प्रकार ठाऊक असतात तो खिळ्याकडे आदराने पाहतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, घाई नको. संस्कृती म्हणतात ती याच वाक्यापासून सुरू झाली (आणि बऱ्याच घरांत तिथेच थांबली).

या कसोटीवर मापसाहेब अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ. उभी हयात त्यांनी वजनमापांचे निरीक्षक म्हणून काढली. तराजूचा काटा केसभर ढळला तरी दुकानदाराला घाम फोडायचा, हे त्यांचं काम होतं आणि आवडही. निवृत्त झाल्यावर ढळणारे काटे मिळेनात, तेव्हा त्यांनी तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत लाकूड कातायचा एक लेथ बसवला. तो का बसवावा याची कारणं त्यांनी स्वतःच स्वतःपुढे मांडली, त्यांवर दोन शंका काढल्या आणि मग स्वतःच उदार मनाने मंजुरी दिली.

लेथला काम मिळावं म्हणून घराचा कठडा मोडला, असं कुणी म्हणू नये. तो अपघातच होता. कपाट वर नेताना मापसाहेब स्वतः हमालांना सूचना देत होते. "अजून बोटभर डावीकडे," ते म्हणाले, आणि वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी असलेल्या कठड्यातली एक कातीव दांडी कडकन गेली. (हमालांचं यावर वेगळं मत होतं, पण ते सभेच्या अधिकृत वृत्तांतात येऊ शकलं नाही.) मापसाहेबांनी पडलेली फट तत्काळ मोजली. ती एका रांगत्या बाळाच्या रुंदीची भरली.

रांगतं बाळ घरात नव्हतं, लेकीकडे होतं. त्याला सगळे रांगोबा म्हणत. मापसाहेबांनी आपल्या या एकुलत्या एका नातवाला पाहिलं होतं ते दुपट्यात, डोळे मिटलेलं. त्यानंतर सगळी भेट फोनच्या पडद्यावर. आता लेक महिनाभर राहायला येणार होती. कठड्याची वार्ता कानावर गेली आणि तिने एका वाक्यात निकाल दिला, "बाबा, ती फट बुजल्याशिवाय मी त्याला घेऊन येणार नाही."

मापसाहेबांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, बाजारात तशी दांडी तयार मिळते, संध्याकाळी जाऊन घेऊन या. मापसाहेबांनी त्यांच्याकडे तराजूच्या पारड्याखाली मेण सापडल्यासारखं पाहिलं. घरात लेथ असताना दांडी विकत आणायची? या प्रश्नाला उत्तर नाही. ते नसावं म्हणूनच तर माणसं लेथ घेतात.

लाकूड आलं. ते लेथवर चढलं, गरागरा फिरलं, जाडसर गोल झालं. इथवर कोणालाही जमतं. पुढे दांडी आरशासारखी गुळगुळीत करायची तर लागते तिरपी पटाशी. साध्या पटाशीची धार आडवी सरळ. हिची एका बाजूला कललेली, म्हणजे एक टोक पुढे आणि एक मागे. मापसाहेबांनी पुढच्याला नाक म्हटलं आणि मागच्याला टाच. नीट धरली तर ही पटाशी लाकडावरून रेशमासारखी साल काढते. केसभर चुकली तर नाक लाकडात घुसतं, खोलीत किंकाळी उठते (पहिली लाकडाची, दुसरी मापसाहेबांची) आणि दांडीभर एक फिरता चर पडतो, बाटलीच्या तोंडाला झाकण फिरवायला असतो तसा.

पहिल्याच दिवशी तो पडला. अनुभवी निरीक्षकाला ठाऊक असतं की दोष मापात असतो, मोजणाऱ्यात नसतो. मापसाहेबांनी पटाशी उजेडात धरली, आणि त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धाचं ध्येय सापडलं. तिरप्या पटाशीचे आकार दोन. एकीची तिरपी धार सुतासारखी सरळ, दुसरीची किंचित पोट काढलेली, गोलसर. (तिसरा भेद धारेचा नसून अंगाचा: चपटं अंग की लंबगोल? हा मुद्दा तूर्त पुढे ढकलण्यात आला.) आपली सरळ होती. म्हणजे चूक तिथे होती.

या विषयावर समिती नेमणं आलंच. अध्यक्ष मापसाहेब, चिटणीस मापसाहेब, आणि विरोधी मत नोंदवायला पुन्हा मापसाहेब, कारण एकमताने घेतलेल्या निर्णयांवर त्यांचा विश्वास नव्हता. बाहेरचे सल्लागार दोन. एक, शेजारचे दंतवैद्य. त्यांच्याकडेही लेथ होता आणि त्यांनी त्यावर आजवर एक पेपरवेट सिद्ध केला होता. त्यांचं म्हणणं, सरळ धार म्हणजे चारित्र्य. गोलसर धार म्हणजे तडजोड. दुसरे, सौभाग्यवतींचे धाकटे बंधू. हे उंटावरूनच शेळ्या हाकणारे, पण उंट मोठा घेतला होता. त्यांनी कातकामाचे व्हिडिओ इतके पाहिले होते की लाकडाला हात लावायची गरजच उरली नव्हती. ते म्हणाले, "भावोजी, जगात सगळे गोलाईकडे गेले. सरळवाले फक्त जुन्या फोटोंत दिसतात."

मापसाहेबांना जगाच्या मागे राहणं मान्य नव्हतं. त्यांनी ग्राइंडर लावला, ठिणग्या उडवल्या आणि नाक-टाच झिजवून धारेला गोलाई दिली. साल झकास निघू लागली. मग दांडीवर शोभेचे गोल मणी कोरून काढायची वेळ आली, आणि किंकाळी, आणि चर. गोलाई फसवी निघाली. पुन्हा ग्राइंडर, पोट घासून धार सरळ केली. दंतवैद्यांनी येऊन हस्तांदोलन केलं. दोन दिवसांनी पुन्हा चर. मेहुण्यांनी फोनवर "मी म्हणालो नव्हतो?" एवढंच विचारलं. पुन्हा गोलाई.

सौभाग्यवती दाराशी उभ्या राहून हे पाहत असत. त्या म्हणाल्या, "अहो, नाचता येत नाही म्हणून लोक अंगण वाकडं म्हणतात. तुम्ही ते खरंच वाकडं करताय, आणि मग परत सरळ करताय."

मापसाहेबांना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच ते मनातल्या मनात हसले आणि हसल्याबद्दल अध्यक्षांनी चिटणिसाला समज दिली. आपल्याला दांडी करायची भीती वाटते, हे त्यांना केव्हाच उमगलं होतं. दांडी केली की ती चांगली किंवा वाईट ठरणार. आकार ठरवत राहिलं की माणूस कायम उत्तीर्ण होण्याच्या बेतात असतो. पण असलं मत कामकाजात नोंदवायची सोय नव्हती.

दरम्यान एक शास्त्रीय सत्य हाती आलं. आकार बदलताना प्रत्येक वेळी पोलाद झिजतं. चर घालवताना प्रत्येक वेळी लाकूड झिजतं. वीतभर पात्याची पटाशी बोटाएवढी झाली. कठड्याच्या दांडीची आधी खुर्चीची दांडी झाली, मग छत्रीची, मग लोकर विणायची सुई. मापसाहेबांनी नवं लाकूड चढवलं. तेही त्याच मार्गाने गेलं. वाढत होतं ते फक्त मत. दोन्ही धारांवर त्यांचं मत इतकं पक्कं झालं की ते आता दोन्हींच्या विरुद्ध तासभर बोलू शकत होते.

लेकीचा फोन आठवड्याला येई. "बाबा, दांडी?"

"आकार ठरतोय."

"तो आता घरभर पळत रांगतोय, बाबा. वस्तू धरून उभा राहायला बघतोय."

मापसाहेब पडद्यावर पटाशीचा उरलेला तुकडा नातवाला दाखवत आणि नाक कुठे, टाच कुठे ते समजावत. रांगोबा एकाग्रपणे ऐके. सगळ्या सल्लागारांत त्याने सर्वांत कमी चुका केल्या होत्या. फोन बंद झाला की मापसाहेब काळ्या पडद्याकडे जरा वेळ पाहत बसत. त्या वेळी समितीची बैठक तहकूब असे.

एका दुपारी खोलीतला भुसा झाडायला त्यांनी लांब दांड्याचा झाडू शोधला. ब्रश सापडला, दांडा नव्हता. घरात वस्तू जागेवर राहत नाहीत यावर दोन शब्द बोलावे म्हणून, हातात पटाशीचा तुकडा तसाच, ते जिना चढू लागले. अर्ध्यावर थबकले.

वर कठड्याशी रांगोबा होता. खरा, पडद्याबाहेरचा. आईचा निरोप मिळाल्यावर लेक सकाळीच निघाली होती आणि नुकतीच मागल्या दाराने आली होती. ग्राइंडरच्या आवाजात खालच्या खोलीपर्यंत काही पोहोचलं नव्हतं. ती आईशी बोलत बॅग उघडत होती, आणि रांगोबा जिन्याच्या तोंडाशी नेमक्या फटीजवळ पोहोचला होता. फटीत झाडूचा दांडा उभा होता. वर आणि खाली कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेला.

रांगोबाने दांडा दोन्ही हातांनी पकडला. गुडघे लटलटले, आणि तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. उभा राहून त्याने सगळं वजन टाकून दांडा गदागदा हलवला.

मापसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं तपासली होती. हे एक वजन होतं ज्याच्यापुढे त्यांना एकही आकडा आठवेना. ते पायरीवर खिळून त्या दोरीकडे पाहत राहिले. दांडा हलला नाही. नातवाने गजांमधून खाली पाहिलं, आजोबांना ओळखलं आणि त्यांच्या हातातल्या तुकड्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. बहुधा नाक.

संध्याकाळी घर निवल्यावर मापसाहेब दोरीला हात लावून आले. दांडा त्यांनी कॅलिपरने मोजला. वरपासून खालपर्यंत कुठेही फरक नव्हता. कुणीतरी, कुठेतरी, कसल्यातरी धारेने तो कातला होता आणि कुणाचंही मत न घेता विकून टाकला होता. मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले.

"ही गाठ कोणती मारलीस?"

"घट्ट," सौभाग्यवती म्हणाल्या.

मुद्दा निकालात निघाला असं वाटेल, पण तसं नाही. मापसाहेबांच्या मते गाठीचे मुख्य प्रकार दोन, आणि सध्याची दोन्हींत बसत नाही. तेव्हा ती सोडून शास्त्रशुद्ध मारावी का, यावर एक उपसमिती बसली आहे. लेकीने मात्र उपसमितीला कठड्याला हात लावायची मनाई केली आहे.

आणि ज्या वाचकाने इथवर आपला अमूल्य वेळ दिला तो केवळ शेवटी कोणती धार बरी, सरळ की गोलसर, हे समजावं म्हणून, त्याची समितीवर सन्माननीय सदस्य म्हणून नेमणूक झाली आहे. पहिल्या बैठकीआधी त्याने एवढंच करावं. उठावं, आपल्याच घरातून एक चक्कर मारावी आणि कुणीतरी दोरीने बांधून चालती ठेवलेली एक वस्तू शोधावी. ती आहेच. बांधणारे तुम्ही नव्हेत.