वाचा, ओळखू नका

साळवे सर कॉम्प्युटर दुरुस्त करतात, ते त्याच्याकडे पाठ करून.

अक्षरशः पाठ. खुर्ची उलटी फिरवायची, तोंड खिडकीकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर बाहेरच्या बदामाच्या झाडावर. मग आपल्याला विचारायचं, “हां, काय म्हणतंय ते?” ‘ते’ म्हणजे कॉम्प्युटर. सरांच्या मते कॉम्प्युटर बिघडत वगैरे नाही. तो काहीतरी म्हणत असतो आणि आपण ऐकत नसतो. म्हणून स्क्रीनवर जे असेल ते आपण मोठ्यानं वाचायचं, अक्षर न् अक्षर, टिंब न् टिंब. मध्ये एखादा शब्द गिळला की पाठमोरेच सर म्हणणार, “वाचा, ओळखू नका.”

मी सावेडीत रक्तदात्यांच्या एका मंडळाचं ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कपाट, एक फोन आणि मी. त्याआधी बारा वर्षं एका वकिलांकडे टायपिस्ट होते. त्यामुळे वाचनाचा वेग दांडगा. ओळ सुरू झाली की शेवट मला आधीच कळतो, असा माझा समज. सरांशी माझं पहिल्या दिवसापासून खटकलं ते यामुळेच.

सर पॉलिटेक्निकमधून लॅब असिस्टंट म्हणून निवृत्त झाले. प्राध्यापकांना अडलं की तेच गुपचूप लॅबमध्ये येऊन यांना विचारायचे, तेव्हापासून हे ‘सर’. आमच्या दात्यांच्या यादीचा प्रोग्राम त्यांनीच लिहिला, पर्ल नावाच्या भाषेत. रक्तगट सांगितला की त्या गटाचे, शेवटचं रक्तदान होऊन तीन महिने उलटलेले दाते फोन नंबरांसकट बाहेर येतात.

“पर्ल म्हणजे मोती का हो?” मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“स्पेलिंग वाचा,” सर म्हणाले. मी वाचलं. “त्यात ए कुठंय?”

नव्हता.

“मग मोती कसा झाला? तुम्ही ओळखलं.”

हा माणूस बाहेरही असाच. एकदा शिबिरासाठी आम्ही संगमनेरला निघालो. स्टँडवर गाडी लागली, मी धावतपळत चढून दोन जागा धरल्या आणि हे महाशय खाली उभे राहून पाटी वाचतायत, मार्गे काय काय आहे त्यासकट. मी खिडकीतून हाका मारतेय, ते वाचतायत. ती गाडी श्रीरामपूरची होती. वाटेत उतरून, दुसरी पकडून मी संगमनेरला पोचले तेव्हा सर शिबिराचं टेबल मांडून शांतपणे केळं खात बसले होते. मला काही बोलले नाहीत, हे जास्त झोंबलं.

आमच्या ऑफिसात काही शब्दांना त्यांनी बंदी घातलीय. ‘हँग झालं’, ‘उडालं’, ‘चालेना झालंय’, हे म्हणायचं नाही. प्रोग्रामवर माउसनं दोनदा टिचकी मारून तो सुरू करायचा नाही. तसं केलं की एक काळी खिडकी उघडते, काहीतरी म्हणते आणि आपण वाचायच्या आत मिटते. “पोस्टमन दार वाजवून गेला आणि तुम्ही आत चहा पीत बसलात,” असं सर म्हणतात. काळी खिडकी आधी उघडायची, प्रोग्राम तिच्यात चालवायचा, म्हणजे ती आपलं बोलणं टाकून पळत नाही.

पण सरांचा सगळ्यात लाडका धडा वेगळा. प्रोग्राम एखादी फाइल उघडायला जातो तेव्हा त्या ओळीच्या शेवटी दोन शब्द लिहायचेच: ‘ऑर डाय’. सर त्याचं मराठी करून सांगायचे, “उघड, नाहीतर मर.” फाइल उघडली नाही तर प्रोग्रामनं तिथंच जीव सोडायचा, आणि का सोडला ते सांगून सोडायचा. हे दोन शब्द नसतील तर तो मुकाट पुढं जातो, रिकाम्या हातानं काम करतो आणि सगळं ठीक असल्यासारखं उत्तर देतो. “मेलेला प्रोग्राम परवडला,” सर म्हणायचे, “खोटं बोलणारा नको.”

सरांच्या मिसेस, शोभाताई, कधीकधी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर यायच्या. स्टुलावर बसून पालेभाजी निवडायच्या आणि सरांचं डिक्टेशन ऐकायच्या. “अहो, किती वेळा मर मर म्हणता हो दिवसातून? त्या इंग्रजीत दुसरा शब्द नाही का?” सर म्हणायचे, “तो कॉम्प्युटरसाठी आहे, शोभा.” “पण ऐकते मी ना,” शोभाताई म्हणायच्या आणि मेथीची काडी माझ्याकडं बघत मोडायच्या. मला हसू आवरायचं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शोभाताईंना दवाखान्यात ठेवलं. त्या दिवसांत एका दुपारी सर अचानक ऑफिसात आले. न बोलता कॉम्प्युटरसमोर बसले. समोर, तोंड करून. तीन तास एकटेच टाइप करत होते. मी विचारलं, तर म्हणाले, “जरा साफसफाई.” पुढच्या आठवड्यात शोभाताई गेल्या. नंतर सर येत राहिले, बोलावलं की आणि न बोलावताही. खुर्ची पुन्हा उलटी झाली. एक वाजता त्यांचा फोन वाजायचा, “जेवलात का” म्हणून, तेवढा वाजेनासा झाला. एक वाजला की सर फोन काढून एकदा बघतात आणि खिशात ठेवतात. मी तेव्हा उगीच कपाट उघडते.

आता मागच्या मंगळवारचं सांगते.

सकाळी अकराला एक तरुण धापा टाकत आला. नाव जालिंदर, पारनेर तालुक्यातला. “ताई, बहिनीचं हाय,” तो म्हणाला. “पहिलटकरीन हाय, लई रक्त चाललंय. ओ निगेटिव्ह पायजे. दोन पिशव्या आल्याबिगर डाक्टर हात लावनार न्हाईत.” ब्लड बँकेत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. दाता घेऊन या, लगेच काढतो, असं त्याला सांगितलं होतं.

मी प्रोग्राम चालवला. घाई होती, म्हणून टिचकीच मारली. काळी खिडकी आली न् गेली. मग उत्तराची फाइल उघडली: ‘एकूण दाते: ०’.

मी जालिंदरला सांगितलं, आमच्याकडं कोणीच नाही. तो म्हणाला, “बरं ताई,” आणि मोटारसायकलला किक मारून पुण्याच्या रस्त्याला लागला. तिकडं कुठं मिळतंय का बघायला.

मला बसवेना. मी सरांना फोन लावला. प्रोग्रामबद्दल नाही, नुसतंच, ओळखीत कोणी ओ निगेटिव्ह आहे का विचारायला.

“मीच आहे की,” सर म्हणाले. “तुमच्या यादीत आहे. यादी काय म्हणतेय?”

“शून्य.”

“वाचा, ओळखू नका.”

“एकूण दाते शून्य. टिंबासकट वाचतेय, सर.”

मग सर म्हणाले, “मी असताना शून्य येईलच कसं? खोटं बोलतंय ते.”

कोणीच नाही असं मी त्या पोराला तोंडावर सांगून बसले होते. मी सरांना म्हटलं, तुम्ही सरळ ब्लड बँकेत जा. ते म्हणाले, “मी एक पिशवी. दोन लागणारेत. दुसरा यादीतच सापडेल. निघालो.”

केडगावहून सावेडीला स्कूटरवर यायला अर्धा तास. तोवर मी जालिंदरला फोन लावत होते. गाडीवर असणार, उचलत नव्हता. यादीची मूळ फाइल उघडून डोळ्यांनी शोधायला लागले. हजारो ओळी, एकाच माणसाच्या दहा-दहा नोंदी. तीन नंबर हाती लागले. एक पुण्याला राहायला गेलेला, एकानं मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं, तिसऱ्याच्या मुलानं सांगितलं की बाबा जाऊन दोन वर्षं झाली. बारा वाजत आले होते.

सर आले, खुर्ची उलटी केली, बसले. मला तर वाटलं आता तरी समोर बघतील. “काळी खिडकी उघडा. चालवा. काय म्हणतंय?”

“काहीच म्हणत नाही.”

“मग प्रोग्राम उघडा आणि वाचा.”

मी वाचत गेले. फाइल उघडायची ओळ आली. ओपन, कंस, फाइलचं नाव, कंस पुरा, अर्धविराम.

“पुढं?”

“पुढं काही नाही, सर. ऑर वगैरे काही नाही.”

मी वाट बघत होते, आता धडा सुरू होणार. पण सर झाडाकडं बघत गप्प. मला राग आला. तिकडं ती बाई टेबलावर आहे आणि इथं हे झाडाची पानं मोजतायत. मी म्हटलं, “सर, हे तुम्हीच लिहिलंय. मग तुमचेच ते दोन शब्द कुठं गेले?”

“ती पोरगी आधी वाचू द्या,” सर हळू म्हणाले. “मग मला काय बोलायचं ते बोला. अर्धविराम पुसा. लिहा, ओ, आर. आणि पुढचा शब्द तुम्हाला माहितीय. त्यापुढं अवतरणात फाइलचं नाव छापायला सांगा.”

स्वल्पविरामसुद्धा सांगून लिहून घेणारा माणूस एक अख्खा शब्द माझ्यावर सोडून देतोय, हे घाईत माझ्या लक्षातही आलं नाही. मी लिहिलं. चालवलं.

टिंग.

कॉम्प्युटरमधून घंटेसारखा आवाज आला. सरांची पाठ ताठ झाली. “हे काय होतं? काय म्हणतंय?”

“अहिल्यानगरची फाइल उघडत नाही म्हणतंय.”

“वाचा.”

“डी, कोलन, अहिल्या…”

“सुनंदाताई, वाचा. एकेक.”

मी स्क्रीनला नाक लावलं. “डी. कोलन. एच. आय. एल. वाय…”

“पहिला ए?”

नव्हता. आणि त्याच्या आधीची तिरकी रेघही नव्हती. जिथं ते दोघं असायला हवे होते, तिथं कॉम्प्युटर टिंग करत होता.

“फोल्डरचं नाव कोणी बदललं?”

मीच बदललं होतं. सोमवारी नवा कॉम्प्युटर आला, लेटरहेडवर शहराचं नवं नाव, शिक्क्यावर नवं नाव, म्हणून हौसेनं फोल्डरलाही नवं नाव दिलं आणि प्रोग्राममध्ये पत्ता बदलला. वरच्या पट्टीतून जसाच्या तसा उचलून. विंडोजच्या पत्त्यात ती तिरकी रेघ मागं कललेली असते. सर नेहमी पुढं झुकलेली लिहायचे, आणि का ते मी कधी विचारलं नव्हतं. पर्लमध्ये मागं कललेल्या रेघेनंतर ए आला की त्याचा अर्थ होतो, घंटा वाजव. माझ्या नव्या नावाची पहिली दोन चिन्हं त्यानं घंटा म्हणून वाजवली आणि उरलेल्या नावाचं फोल्डर शोधत बसला.

“रेघ उलटी करा,” सर म्हणाले.

केली. चालवलं. नऊ नावं आली. चौथं नाव साळव्यांचं.

सर उठले, स्कूटरची किल्ली घेतली. “मी चाललो. तुम्ही दुसरा गाठा.” दुसऱ्या नंबरावरच्या शिक्षिका इथल्याच शाळेत होत्या. वर्ग सोडून रिक्षानं ब्लड बँकेत गेल्या. सव्वाबाराला जालिंदरनं फोन उचलला; सुप्याला पेट्रोल भरत होता. मी म्हटलं, दोघं निघालेत, मागं फिर. पलीकडून नुसता रडण्याचा आवाज आला. मग मीही रडले. मुलगी झाली. आई वाचली.

गुरुवारी सर न बोलावता आले. खुर्ची फिरवली, बसले, आणि म्हणाले, “बाकीचे प्रोग्राम उघडा. अकरा जागा आहेत. सगळीकडून काढलाय तो शब्द मी.”

का काढला ते त्यांनीच सांगितलं, झाडाकडं बघत.

“ती आयसीयूत होती तेव्हा. मी नवस मानत नाही, कधी दोरा बांधला नाही. पण त्या दुपारी मनात आलं, आपण इतकी वर्षं इतक्या ठिकाणी हे लिहून ठेवलंय. तिला आवडत नव्हतं. म्हणून काढला.” मग म्हणाले, “आता परत लिहायला हरकत नाही.”

मी कीबोर्ड पुढं ओढला. सर एकेक ओळ सांगत होते, कंस, स्वल्पविराम, अवतरण, सगळं नेहमीसारखं. ‘ऑर’पर्यंत यायचे आणि थांबायचे. मी तो शब्द लिहायचे, मग ते पुढचं सांगायचे. असं अकरा वेळा. दरम्यान एक वाजला. सरांनी फोन काढून बघितला आणि खिशात ठेवला. या खेपेला मी कपाट उघडलं नाही.

शेवटची ओळ झाली, तेव्हा सवयीनं ते म्हणाले, “वाचा.”

मी वाचायला लागले. ओपन, कंस, फाइलचं नाव, कंस पुरा, ऑर. तिथं माझा आवाज थांबला. पुढचं मला वाचवेना, आणि वाचायचंही नव्हतं.

सर पाठमोरेच होते.

“राहू द्या,” म्हणाले. “ओळखलं मी.”