बराबर मेलो

शेजूळमामा कुठंही बसले, की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा.

न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा कानाजवळ आला की पाय खाली. पंगतीत वाढपी आमटीची बादली घेऊन धावत आला की मांडी घातलेली असतानाही गुडघा हलायचा. एकदा एका लग्नात बँडच्या आवाजानं नवरदेवाची घोडी बिथरली, तर लांब मांडवात बसलेल्या मामांनी पाय असा काही रेटला, की पुढच्या बाईंची खुर्ची त्यांच्यासकट सरकली. मामा उठून हात जोडून म्हणाले, "माफ करा बाई, सवय हाय."

सवय धंद्याची होती. नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. पांढरी छोटी गाडी, वर लाल अक्षरात 'एल', आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. "एवढ्या एका ब्रेकवर जिवंत हाय मी," असं ते नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगत. गिऱ्हाईक घाबरायचं. मामा आधीपासून घाबरलेलेच असायचे, त्यामुळं दोघांची तार लगेच जुळायची.

माणसांचे त्यांनी दोन प्रकार पाडले होते, इंडिकेटर देणारे आणि न देणारे. आमचा घरमालक भाडं वाढवायच्या आधी तीनदा खाकरायचा, म्हणून मामांना तो आवडायचा. "वाईट माणूस, पण इंडिकेटर देतो," ते म्हणत. त्यांचा सख्खा साडू मात्र हसता हसता टोमणा मारायचा. मामांनी त्याच्याकडं जाणं सोडलं होतं.

मी त्यांच्या डोक्यावर राहायची, म्हणजे वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. सकाळ-संध्याकाळ मुलं टायपिंग आणि हिशोबाचे प्रोग्राम शिकायला येत, दुपारी क्लास रिकामा. दुपारी मी खेळायची. घरी हे सांगायची सोय नव्हती. लग्नाला आलेली, चार माणसांत मॅडम म्हणवून घेणारी मुलगी दार लोटून सांगाड्यांशी तलवारीनं लढते, हे आईला कसं सांगणार?

औरंगाबादहून आणलेल्या दोन सीडी होत्या. दोन्हींचा मामला सारखाच. एक योद्धा घ्यायचा, लढत लढत त्याची ताकद वाढवायची, आणि पुन्हा पुन्हा मरत पुढं सरकायचं. एकात तो उंच बुरुजावर चढत जायचा, दुसऱ्यात दलदलीतून वाट काढायचा. इंग्रजी नावं लांबलचक होती. पुढं मामांनी त्यांची नावं 'बुरुज' आणि 'दलदल' अशी करून टाकली.

मामा पहिल्यांदा वर आले ते धापा टाकत. खाली ते कोणाला तरी वाहतुकीच्या खुणा शिकवत होते आणि वरून किंकाळ्या ऐकू येत होत्या.

"मॅडम, वर कोणाला मारून राह्यलेत?"

मी पडद्याकडं बोट दाखवलं. बुरुजाच्या दारातला भालेवाला मला त्या दुपारी काही केल्या आत सोडत नव्हता. मामा उभ्या उभ्या बघत राहिले. मी पुन्हा मेले.

"त्यानं खांदा मागं नेलता," मामा म्हणाले. "तुम्ही त्याच्या भाल्याकडं पाहून राह्यलात. खांद्याकडं बघा. इंडिकेटर तिथं हाय."

मी खांद्याकडं बघितलं, आणि दार ओलांडलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा दुपारी डबा खाऊन वर येऊ लागले. आधी नुसते बघायचे, मग शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून खेळायला लागले. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, एका बोटानं बटणं दाबायचा, आणि टेबलाखाली पाय ब्रेक मारत असायचा. त्यांचा योद्धा इतका सावध, की रिकाम्या खोलीतसुद्धा भिंतीला पाठ लावून जायचा. खेळात जखमा भरून काढायला काढ्याच्या बाटल्या मिळतात. मामा त्या जमवायचे आणि कधीच वापरायचे नाहीत. योद्धा रक्तबंबाळ होऊन मरायचा, आणि पिशवी बाटल्यांनी गच्च भरलेली.

"मामा, एखादी प्यायची होती."

"पुढं लागली तर?"

"पुढं जायला जिवंत तर राहा."

"तेही खरंय," ते म्हणायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच मरायचे.

मेल्यावर मात्र ते एक गोष्ट न चुकता करत. हात मांडीवर ठेवून स्वतःलाच विचारत, "काहून मेलो?" आणि उत्तर सापडलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "त्यानं ढाल खाली घेतल्ती, मी घाई केली. बराबर मेलो." इतक्या समाधानानं मरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दलदलीत हे उत्तर मिळायचं नाही. तिथं शांत पाण्यातून एकदम काहीतरी उसळायचं आणि योद्ध्याला ओढून न्यायचं. ना बुडबुडा, ना आवाज. शिवाय मेलं की थेट वेशीपासून सुरुवात. मला तो खेळ फार आवडायचा. त्यावरून आमचे वाद व्हायचे.

"अवघड आहे म्हणून तुम्हाला राग येतो," मी एकदा म्हणाले.

"अवघड बुरुज हाय," मामा म्हणाले. "बुरुजात मी लई जास्त मेलो. तो वरचा चिलखतवाला दोन घावात संपवतो. पण दोन्ही घाव सांगून घालतो. अवघड असणं येगळं आन् खोटं असणं येगळं. दलदलीत मेल्यावर मी शिकू काय? पाण्याजवळ जायचं न्हाई? सगळीकडं पाणीच हाय."

"पण खरं जग असंच असतं ना मामा? रस्त्यावर कोण सांगून अंगावर येतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "रस्ता कसाय ते मला ठाऊक हाय, मॅडम. म्हून तर इथं येतो."

आणखी एकदा आमची जुंपली ती कमकुवत उंदीर मारण्यावरून. बुरुजाच्या तळघरात उंदीर मारत बसलं तर योद्ध्याची ताकद हळूहळू वाढते. मामांनी कित्येक दुपारी नुसते उंदीर मारले. मी म्हणाले, ही लबाडी झाली, असा तर कोणताही खेळ सोपा होईल. मामांना ते लागलं. "मोकळ्या मैदानात गाडी फिरवली म्हंजे लबाडी का? तयारी हाय ती," असं म्हणून ते दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. शेवटी चिलखतवाल्याशी गाठ पडली, मामांनी त्याला अर्ध्याहून जास्त झोडपलं, आणि लाइट गेली. बराच वेळ ते काळ्या पडद्याकडं बघत बसले. "हे मरण कोणाच्या नावावर धरायचं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

खेळता खेळता मध्येच ते उठून खाली जात आणि घरी फोन लावत. आवाज जिन्यातून वर यायचा.

"जेवलीस का? काय करून राह्यलीस? उभी हाईस का बसलेली? मंग बस. बसून निवड. चुलीपाशी कोण हाय?"

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मला वाटायचं, काळजी हाच या माणसाचा आजार आहे आणि घरच्या बाईला त्यानं भंडावून सोडलं असेल.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडं गाडी शिकायला लागले. हात बऱ्यापैकी बसला तसं मामा म्हणाले, "रविवारी आमाला वडीगोद्रीला जायचंय, मेव्हण्याच्या पोराचं बारसं हाय. तुम्हीच चालवा. हायवेची प्रॅक्टिस होईल."

मामी मागच्या सीटवर बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, मांडीवर झबल्या-टोपड्यांची पिशवी. भंडावलेल्या बिलकुल वाटत नव्हत्या. गाडी अंबडच्या रस्त्याला लागली तशा त्या बोलायला लागल्या.

"ताई, ह्यांचं भेणं आजचं न्हाई. लग्नात सात पावलं चालायची, तर ह्यांनी दोनदा मागं वळून बघितलं. माझे वडील म्हणले, जावई पळून जातो का काय."

मामा हसले, पण त्यांचं लक्ष आमच्या बोलण्यात नव्हतं, रस्त्यावरही नव्हतं. ते सीटवर तिरके बसून मागंच बघत होते. एरवी कुत्रं आडवं गेलं तरी घामाघूम होणारा माणूस, समोरून उसाचे ट्रक येत असताना मागं तोंड करून बसलेला.

"मामा, समोर बघा ना. मला भीती वाटते."

"तुम्ही नीट चालवताय," ते म्हणाले, आणि मान वळवली नाही.

अंबड मागं पडलं. मामी भावाच्या पोराचं नाव काय ठेवायचं ते सांगत होत्या. वडीगोद्रीची दुकानं दिसायला लागली, तेवढ्यात मामा म्हणाले, "ताई, गाडी बाजूला घ्या. सावकाश."

त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी आरशात पाहिलं. मामी बोलतच होत्या. मी गाडी लिंबाखाली घेतली. ती पुरती थांबायच्या आत मामा उतरून मागचं दार उघडून आत शिरले होते. त्यांनी पिशवी बाजूला सारली, मामींच्या पाठीमागं हात घातला, आणि तेव्हा मामींचं बोलणं अर्ध्या शब्दावर तुटलं. डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि झटके यायला लागले.

मामांनी त्यांना कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, आणि नुसते धरून राहिले. शेजारच्या हॉटेलातून दोघं-तिघं धावत आले. एकानं कांदा फोडून आणला, एकानं चप्पल काढली.

"राहू द्या भाऊ," मामा म्हणाले. "काही हुंगवायचं न्हाई. येईल ती. जरा वारा येऊ द्या."

झटके थांबले. मामींना झोप लागल्यासारखं झालं. लोक पांगले. मी दाराशी उभी होते.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"अंगठा," मामा म्हणाले. "डाव्या हाताचा अंगठा पदरावर घासती. जरासा. पहिली कितीक वर्षं मला दिसलाच न्हाई. चुलीवर पडली, हौदापाशी पडली. फिटच्या गोळ्या चालू हायेत. डॉक्टर म्हणले, काहींना आधी समजतं. हिला समजत न्हाई. मंग म्हणलं, मला समजावं. नजर बसावी म्हून येत होतो तुमच्याकडं." मग ते म्हणाले, "आज दिसलं. दर वेळी दिसतंच असं न्हाई."

त्यांनी मामींच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"ती उठली की सांगू नका, ताई. झोप लागलती म्हणू. कळलं की दिवसभर घोर लावून घेती, चार माणसांत जायला लाजती. आज भावाकडं कार्यक्रम हाय."

बऱ्याच वेळानं मामींनी डोळे उघडले. इकडं तिकडं पाहिलं.

"कुठं आलो?"

"वडीगोद्री आली," मामा म्हणाले. "तुझा डोळा लागलता. म्हणलं चहा घेऊ. बस, मी घेऊन येतो."

ते हॉटेलाकडं गेले. मामी हळूहळू उठून बसल्या. पदराचं टोक ओठांना लावलं, त्यावर रक्ताचा डाग पडला. तो आत दुमडून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आल्ती ना?"

मी हॉटेलाकडं, मामांच्या पाठीकडं पाहिलं.

"जीभ चावली गेलीय. अंग ठेचल्यावानी दुखतं. मला कळत न्हाई का," त्या म्हणाल्या. जीभ जड झाल्यानं शब्द नीट उमटत नव्हते. "पण तुम्ही त्यांना बोलू नका. डोळा लागलता म्हणतात ना, मी हो म्हणते. मला कळालं असं समजलं तर ते जेवायचे न्हाईत. आधीच जिवाला किती लावून घेतात."

मामा तीन ग्लास बोटांत धरून आले. चहा इतका कडकडीत तापलेला होता, की माझा ग्लास मी पदराआडून धरला. मामींनी पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले.

"लई गरम हाय का?" मामांनी विचारलं.

"न्हाई, चांगला झालाय," मामी म्हणाल्या. त्यांनी सगळा ग्लास संपवला, घोटाघोटानं, एकदाही तोंड वाकडं न करता. मामा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, आणि हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"अजून घेती का?" त्यांनी आशेनं विचारलं.

मामींनी रिकामा ग्लास त्यांच्या हातात दिला.

"आणा अर्धा," त्या म्हणाल्या.