खताची गाडी आणि मागचं फाटक

मास्तरांनी खताची गाडी घ्यायची ठरवली, ती फरशीच्या धाकानं. एरवी मास्तर म्हणजे नळाचा वॉशर बदलायचा असला तरी आठवडाभर नळाकडे नुसते बघत बसणारे गृहस्थ. (नळही त्यांना ओळखून होता. निवांत गळायचा.) पण त्या दिवशी आक्काचा फोन आला आणि मास्तर ताडकन उठून उभेच राहिले.

"मी येतेय," आक्का म्हणाली. "आणि बाबांची हिरवळ पिवळी पडलीय असं ऐकलं."

"कोण म्हणालं?" मास्तरांनी विचारलं आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे काकू, म्हणजे मास्तरांची बायको, अचानक फार मन लावून भांडी पुसायला लागल्या होत्या.

"कुणी का म्हणेना. मी येईपर्यंत हिरवी झाली तर ठीक. नाहीतर सरळ फरशी घालून टाकू. मेलेलं गवत मला बघवणार नाही. निम्मं घर माझं आहे, विसरू नकोस."

आक्का मास्तरांची थोरली बहीण. भूगोलाचे मास्तर म्हणून ज्यांच्यापुढे वर्गच्या वर्ग चिडीचूप बसायचे, ते आक्कापुढे आजही हाफ पँटीत असल्यासारखे बोलायचे. आणि काकूंना तर फरशी हवीच होती. कपडे वाळत घालायला जागा, चिखल नाही, डास नाहीत. दोघींचं एकमत झालं म्हटल्यावर मास्तरांचं धाबं दणाणलं.

कारण ती हिरवळ म्हणजे नुसतं गवत नव्हतं हो. घरामागचा तो तुकडा मास्तरांच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी लावला होता. संध्याकाळी ते कचेरीतून आले की कोट खुंटीला, बाह्या वर आणि पाण्याची झारी हातात. मग वेताच्या खुर्च्या बाहेर यायच्या. आई भाजी निवडत बसायची, आक्का आणि मास्तर पालथे पडून अभ्यास करायचे, आणि उठल्यावर दोघांच्या कोपरांवर गवताची नक्षी उमटलेली असायची. खत घालायचा दिवस तर सणासुदीसारखा. बाबा कमरेवर जुनं पत्र्याचं घमेलं धरून मुठीमुठीनं खत फेकत जायचे, तेही उलटे चालत. "टाकलेल्या खतावर पाय द्यायचा नाही," हा त्यांचा नियम. मागे न बघता ते उलटे चालत कुंपणापर्यंत जायचे आणि कधी कधी बराच वेळ दिसायचेच नाहीत.

आणि त्या हिरवळीत एक गंमत होती. मधोमध एक पट्टा नेहमी इतर गवतापेक्षा गर्द हिरवा असायचा. तो थेट मागच्या लाकडी फाटकापर्यंत जायचा. पोरांनी त्याला रूळ ठरवून टाकलं होतं. आक्का इंजिन आणि मास्तर गार्ड. (इंजिन व्हायचं मास्तरांच्या नशिबी कधी आलंच नाही.) "हा पट्टा असा कसा हो?" असं विचारलं की बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "तिथली जमीन कसदार आहे." हे वाक्य मास्तरांच्या मनावर इतकं ठसलं की पुढे नोकरीभर ते दर वर्षी नव्या वर्गाला सांगत आले, "मुलांनो, जमिनीचा कस हातभर अंतरावर बदलतो. आमच्या घरामागेच येऊन बघा."

तर आता मुठीमुठीनं खत टाकायला मास्तरांची कंबर तयार नव्हती. म्हणून गाडी.

दुकानदारानं दोन गाड्या पुढे आणून ठेवल्या. दोन्हींना दोन चाकं, वर खत भरायची पेटी आणि मागे धरून ढकलायचा दांडा. एकीच्या पोटाखाली गोल चकती होती.

"ही चालायला लागली की चकती फिरते आणि खत चहूकडे उडतं," दुकानदार म्हणाला. "काम झटपट. मोठ्या मैदानाला हीच नेतात. दुसरीला चकती नाही, पेटीच्या तळाला फट आहे. खत सरळ खाली, गाडीच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात पडतं. पण एक सांगतो. पट्ट्याला पट्टा नीट भिडला नाही तर पुढे कितीतरी दिवस दिसत राहतं, माणूस कुठून गेला आणि कुठून नाही."

मास्तरांचा जीव चकतीवर जडला होता. पृथ्वी फिरते, हे शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला फिरणारी कुठलीही गोष्ट आवडायची.

"म्हणजे जिथून गेलं ते लपतच नाही?" काकूंनी दुकानदाराला विचारलं.

"नाही ना. तोच तर हिचा दोष."

"मग हीच द्या."

"अगं, तो दोष म्हणतोय!"

"तुम्ही ती चकती फिरवणार आणि खत माझ्या गुलाबांवर आणि शेजाऱ्यांच्या कपड्यांवर. मग निस्तरायचं कुणी?"

मास्तर विचारात पडले. मास्तरांची एक खोड होती. बायकोच्या म्हणण्यावर थोडा वेळ विचार केला की ते म्हणणं त्यांना स्वतःचंच वाटायला लागायचं. "फटीचीच बरी," ते दुकानदाराला समजावून सांगू लागले. "नेम महत्त्वाचा. उगाच उधळण काय कामाची?"

"बरं, ही खटकी बघून ठेवा," दुकानदार म्हणाला. "खत टाकायचं नसेल तेव्हा मागे ओढायची, म्हणजे फट बंद. नाहीतर गाडी जाईल तिथे खत सांडत जाईल."

"कळलं, कळलं," मास्तर म्हणाले. (वर्गात असं घाईनं 'कळलं, कळलं' म्हणणाऱ्या पोराला ते हमखास उभं करायचे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर टोपी घालून हिरवळीवर उतरले. पेटी भरली, खटकी पुढे केली, दांडा धरला आणि थबकले. गाडी पुढे ढकलायची म्हणजे खत आधी पडणार आणि पाय त्याच्यावर पडणार! बाबांचा नियम! मास्तरांनी क्षणभर आभाळाकडे बघितलं, गाडीकडे तोंड केलं आणि ती स्वतःकडे ओढत उलटे चालायला लागले.

खडखड खडखड. गाडीला आवाज मोठा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू आल्या.

"अहो, गाडी उलटी चाललीय!"

"गाडी बरोबर आहे! मी उलटा आहे!"

"ते लग्न झाल्यापासून बघतेय मी," असं म्हणून काकू आत गेल्या.

उलटं चालणाऱ्या माणसाच्या रेघा सरळ कशा येणार? एक पट्टा डावीकडे कलला, दुसरा त्याच्यावर चढला, तिसरा गुलाबाला वळसा घालून आला कारण गुलाबानं मास्तरांची पँट मागून धरून ठेवली होती. पण मास्तर रंगात आले होते. बाबांसारखंच मागे न बघता चालताना त्यांना वाटलं, आत्ता मान वळवली तर वेताच्या खुर्च्या दिसतील, आईच्या मांडीवर भाजीचं ताट दिसेल. आणि तेवढ्यात पाठ धाडकन मागच्या फाटकावर आपटली. जुनं फाटक कुरकुरत उघडलं आणि पलीकडून ताज्या क्रीमरोलचा वास आला.

आता इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. डॉक्टरांनी मास्तरांचं गोड बंद केलं होतं. काकू चहात साखर घालत नव्हत्या, डबे वरच्या फळीवर गेले होते, तरीही मास्तरांच्या रक्तातली साखर काही खाली येईना. डॉक्टर काकूंकडे संशयानं बघायचे आणि काकू मास्तरांकडे. मास्तर कानावर हात ठेवायचे. फाटकाबाहेर दोन कुंपणांच्या मधला गवताचा बोळ होता आणि बोळाच्या टोकाला बेकरीचं मागचं दार. एवढंच सांगतो, बाकीचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण एक पंचाईत होती. गाडी इथे सोडून जावं तर खडखड थांबणार, आणि खडखड थांबली की काकू खिडकीत येणार. मास्तरांचं डोकं अशा वेळी फार चालायचं. त्यांनी गाडी बरोबरच घेतली. खडखड खडखड. काकूंना वाटेल, मास्तर कामाला किती वाघ!

दारात ट्रे निवत ठेवून बेकरीवाला उभा होता. त्याच्या बापाची बेकरी आता तोच चालवायचा. मास्तरांचा जुना विद्यार्थी.

"मास्तर, आज गाडी घेऊन?"

"हळू बोल. एक दे."

एकाचे दोन झाले. दुसरा संपेपर्यंत मास्तर त्याच जागी, आवाज चालू राहावा म्हणून एका हातानं गाडी मागेपुढे करत उभे होते. मग ओठ पुसून, निष्पाप चेहऱ्यानं, खडखडत परत. खटकीची आठवण त्यांना ना जाताना झाली, ना येताना.

मग रोज पाणी घालणं सुरू झालं. मास्तर सकाळी उठून गुडघ्यांवर बसून गवत बघायचे. (बेकरीच्या बोळात कुणी पाणी घालायची गरज नव्हती. तिथे एक पन्हाळ गळायची.) हळूहळू पातं पातं तरारलं आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला. शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी सांगितलं, "दोन गाड्या होत्या. मी मुद्दाम फटीची निवडली."

आक्का आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "हिरवळ दाखव."

"वरून बघा ना आक्का," काकू म्हणाल्या. "गच्चीतून छान दिसते. मी चहा वरच आणते."

तिघं गच्चीत गेले आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. जवळून हिरवीगार वाटणारी हिरवळ वरून पट्ट्यापट्ट्यांची दिसत होती, एक हिरवा, एक पिवळा, सगळे वाकडेतिकडे. गुलाबाला घातलेला वळसा तर स्पष्ट. पण ते सोडा हो! सगळ्यात गर्द हिरवा पट्टा हिरवळीच्या मधून निघून फाटकातून बाहेर पडला होता आणि बोळातल्या खुरट्या गवतातून मोठ्या दिमाखात बेकरीच्या मागच्या दारापर्यंत गेला होता. दाराशी मात्र खत जास्त होऊन गवताचा एक गोल साफ जळून गेला होता.

"नकाशा चांगला काढलाय," काकू शांतपणे म्हणाल्या. "इथे बराच वेळ मुक्काम होता वाटतं. एका क्रीमरोलला एवढं जळत नाही."

मास्तरांनी चहाच्या कपात तोंड घातलं. जन्मभर पोरांना नकाशा वाचायला शिकवला आणि आज स्वतःचाच नकाशा बायकोनं वाचून दाखवला! पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो आक्काच्या निकालात. कठडा धरून ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली होती. बिंग फुटलं ते फुटलं, आता फरशीही आली, असं मास्तरांना वाटलं.

"रूळ," आक्का पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. "अरे, आपले रूळ! अगदी तिथूनच जायचे."

"हो ना," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "तिथली जमीन कसदारच आहे."

आक्कानं त्यांच्याकडे बघितलं आणि हसत सुटली. हसता हसता खाली बसली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली.

"कसली जमीन रे! बाबांचं गोड बंद केलं होतं डॉक्टरांनी. ते खत टाकायच्या निमित्तानं बेकरीत पळायचे, तुझ्या या गाडीसारखं घमेलं कमरेवर घेऊनच, कामात आहे असं दिसावं म्हणून. आईला संशय होता, पण कुठे जातात ते कळेना. शेवटी तिनं घमेल्याला खिळ्यानं भोक पाडलं."

"आईनं?"

"मला तिनं पुष्कळ नंतर सांगितलं. पट्टा उगवला, तिला सगळं कळलं. पण बाबांना बोलली मात्र कधीच नाही. म्हणायची, माणूस निदान वर्षातून दोनदा हिरवळीला खत तरी घालतोय."

मास्तर सुन्न झाले. बाबांचा तो गंभीर चेहरा त्यांना आठवला आणि त्यांनाही हसू आवरेना. मग एकदम काहीतरी लक्षात येऊन ते काकूंकडे वळले. दुकानात विचारलेला प्रश्न. 'म्हणजे जिथून गेलं ते लपतच नाही?'

"तुला हे माहीत होतं?"

"सासूबाईंनीच सांगितलेलं," काकू कप गोळा करत म्हणाल्या. "गाडीला भोक पाडायला मला जमलं नसतं. म्हणून फटीची घेतली."

फरशी बारगळली. आक्कानं निकाल दिला की बाबांचे रूळ कुणी उखडायचे नाहीत. संध्याकाळी वेताच्या खुर्च्या माळ्यावरून खाली आल्या, आणि साठी उलटलेली दोन भावंडं गवतावर पालथी पडली. उठताना काकूंना दोघांना हात द्यावा लागला. तरीही इंजिन आक्काच होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर शहाणे झाले. गाडी नाही, फाटक नाही, सरळ पुढच्या रस्त्यानं हात हलवत बेकरीत गेले. बेकरीवाल्यानं काही न विचारता त्यांच्या हातावर बिनसाखरेचा टोस्ट ठेवला.

"काकू मघाशीच सांगून गेल्या," तो म्हणाला. मास्तरांचा पडलेला चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो आदरानं पुढे म्हणाला, "पण मास्तर, तुमचं शिकवणं मी अजून विसरलो नाही. माझ्या दाराशीच बघा ना. इथे गवत पार जळालंय आणि हातभर पलीकडे कसं गर्द हिरवं! मी माझ्या पोरांना रोज दाखवतो, जमिनीचा कस बदलतो तो असा. बरोबर ना मास्तर?"

"बरोबर," मास्तर म्हणाले आणि टोस्ट चावू लागले.