मालनच्या बांगड्या

भट्टीवरच्या आकड्यांत सातशे ऐंशी अंश दिसत होते, तेव्हा मनस्वीच्या सासूबाई कमळाबाई दारात येऊन म्हणाल्या, “मनस्वी, ही मालन कोण गो?”

“का हो आई?”

“वाणाच्या बांगड्यांच्या डब्यात चिठ्ठी मिळाली. तिच्यावर नाव हाय.”

चिठ्ठी मनस्वीनेच लिहिली होती. मिरकरवाड्याच्या आत्माराम तांडेलांची बायको मालन चार महिन्यांपूर्वी वारली. तिच्या बारा हिरव्या बांगड्या कासाराच्या डब्यात घेऊन ते आले होते. मनस्वी काच वितळवून वस्तू घडवते. या बांगड्यांची त्यांना एक बशी हवी होती, दुबईला असलेल्या मुलीसाठी. दोन जातींच्या काचा एकत्र वितळवल्या तर थंड होताना तडकतात. म्हणून बशीत दुसरं काही घालायचं नाही, मालनच्याच बांगड्या, असं ठरलं होतं.

सकाळी तिने फडताळातला डबा उचलला. चिठ्ठी दिसली नाही, पडली असेल असं मनाशी म्हणाली. बांगड्यांचे तुकडे साच्यात मांडले आणि भट्टी लावली. त्याच फडताळात, त्याच कासाराकडचा, तसलाच डबा सासूबाईंनी हळदीकुंकवासाठी आणून ठेवला होता.

“त्या बांगड्या कुठायत आई?”

“कुठे म्हणजे? सहा जणींना दोन-दोन दिल्या. आत्ताच गेल्या बायका.”

तापलेली भट्टी उघडता येत नाही. आणि उघडून तरी काय? आत वाणाच्या बांगड्यांचा रस झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनस्वी बांगड्या परत आणायला निघाली. त्या गेलेल्या बाईच्या आहेत, हे सांगायची सोय नव्हती.

बर्फाच्या कारखान्यात कामाला जाणारी जनी म्हणाली, “वाण दिलेलं परत मागतात काय गो?”

“त्यांच्या बदल्यात दुसऱ्या देते.”

“मग त्या दुसऱ्याच ठेव की तुला.”

मनीषाने तर दोन्ही हात पदराखाली घेतले. “घो दर्यात गेलाय माझा. आणि तू हातातली बांगडी काढायला सांगतेस?”

मृणालीची एक बांगडी वाटेतच फुटली होती. ती अपशकुन म्हणून उपाशी बसली होती. मनस्वीने अर्धा तास तिची समजूत घातली, चहा केला, तिला दोन घास खायला लावले आणि रिकाम्या हाताने बाहेर पडली. उरलेल्या तीन घरी जायचं तिला धाडस झालं नाही.

दुपारी भट्टी निवली. बशीला कुठे तडा नव्हता. इतकी सुंदर वस्तू वर्षभरात तिच्या हातून उतरली नव्हती. याचंच तिला रडू आलं.

संध्याकाळी आत्माराम आले. बशी तळहातावर घेऊन कडेवरून अंगठा फिरवत राहिले. “बेस झाली गो बाय.”

कमळाबाई आतल्या दारातून ‘गप्प बस’ अशी खूण करत होत्या. मनस्वीला गप्प बसवेना. तिने सगळं सांगून टाकलं.

आत्माराम खुर्चीवर बसले.

“त्या मालनच्या नव्हत्याच,” ते म्हणाले. “ती अहेव गेली. तिच्या बांगड्या तिच्या हातातच गेल्या. पोरगी तेव्हा येऊ शकली नाय, तिला काय ठाऊक? फोनवर इचारलान, आयच्या बांगड्या ठेवल्यात ना? मी हो बोललो.”

“मग या?”

“बाजारातून आणल्या. कासारानं माप इचारलान. चाळीस वर्सां संसार केला, पण मला माप सांगता येईना. बोटं वळवून दाखवली, एवढी म्हणून.”

कमळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

आत्मारामांनी विचारलं, “बायकांना झाल्या काय गो त्या?”

“पाच जणींना घट्ट झाल्या,” कमळाबाईच म्हणाल्या. “साबण लावून चढवल्या. जनीला तेवढ्या नीट बसल्या.”

“कशी हाय ती?”

“बारीक. मनगट अगदी एवढंसं.”

आत्मारामांनी मान हलवली. “आजारपणात मालन तशीच झालेली,” ते म्हणाले, आणि बशी गुंडाळायला त्यांनी मनस्वीकडे कागद मागितला.